पाठचीं भावंडें

दत्तक हा शब्द आपल्या घरांतून उच्चारला गेला, कीं वडील माणसांच्या डोळ्यांपुढें प्रथम एखादें इनाम, एखादा वाडा किंवा एखादी निपुत्रिक विधवा उभी राहते. होमाचा धूर, भटजींची दक्षिणा, भाऊबंदांचे रुसवेफुगवे आणि मागाहून कोर्टांत वर्षानुवर्षें चाललेला दावा, हें सर्व त्या एका शब्दांत गुंडाळलेलें असतें. १८४८ सालीं साताऱ्याचें आणि १८५४ सालीं झांशीचें राज्य दत्तक नामंजूर करूनच खालसा झालें, हें आपण शाळेंत शिकलों. परंतु या साऱ्या इतिहासांत तें मूल कोठें असतें? त्याला नव्या घरीं पहिल्या रात्रीं झोंप लागली कीं नाहीं, मागें राहिलेल्या भावंडाची आठवण येऊन तें रडलें कीं काय, हें कोणत्याहि बखरींत सांपडत नाहीं.

जुन्या दत्तकाचा हेतु उघड होता. वंश चालावा, पितरांना पिंड मिळावा, मालमत्ता घरच्या घरीं राहावी. नंदपंडितांच्या ‘दत्तकमीमांसे’सारख्या ग्रंथांत कोणता मुलगा घ्यावा व कोणता देऊं नये, याचा बारकाईनें खल केलेला आहे. एकुलता एक मुलगा देऊं नये, असें तर वसिष्ठांच्या धर्मसूत्रांतच सांगितलें आहे. कारण त्यानें जन्मदात्याचें कुळ चालवावयाचें असतें. म्हणजे शास्त्रानें देणाऱ्या घराची काळजी वाहिली आणि घेणाऱ्या घराचीहि वाहिली. जो दिला गेला त्याच्या पाठच्या भावाबहिणींची गणना मात्र त्या हिशेबांत कोठेंच धरलेली नव्हती.

आमच्याच घरांतील उदाहरण देतें. माझ्या सासऱ्यांचे धाकटे बंधु १९३६ सालीं, वयाच्या सातव्या वर्षीं, कोंकणांतील एका सुखवस्तु घरीं दत्तक गेले. दोघां भावांत तीन वर्षांचें अंतर. एका पांघरुणांत निजणारीं तीं मुलें. पुढें धाकटे बंधु गणपतींत आमच्या घरीं येत, ते पाहुणे म्हणून. १९५८ सालीं त्या दोघांची आई वारली, तेव्हां सासूबाई लग्न होऊन या घरांत आलेल्या होत्या. त्या सांगतात, कीं थोरल्या भावाला दहा दिवसांचें सुतक आणि दत्तक गेलेल्या धाकट्याला तीन दिवसांचें. चौथ्या दिवशीं ते स्नान करून शुद्ध झाले आणि ओसरीवर बसलेल्या आपल्या भावाकडे पाहत दूर अंगणांत उभे राहिले. एका आईच्या दोन लेंकरांना तिचें दुःख असें निरनिराळ्या मापानें मोजून मिळालें. सासूबाई आतां नव्वदीच्या घरांत आहेत. पण ही गोष्ट सांगतांना त्यांचा आवाज अजून कांपतो.

ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाची कथा वाचकांस ठाऊक असेलच. अजीगर्त ऋषि उपाशी कुटुंब घेऊन रानांत भटकत होता. हरिश्चंद्राच्या पुत्रानें त्याच्यापाशीं शंभर गाईंच्या मोबदल्यांत एक मुलगा मागितला. थोरला द्यावयास बाप तयार होईना, धाकटा द्यावयास आई तयार होईना. म्हणून मधला शुनःशेप विकला गेला. यूपापासून सुटल्यावर तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला आणि त्याचा पुत्र झाला. विश्वामित्राच्या एकशें एक पुत्रांपैकीं थोरल्या पन्नासांनीं या नव्या भावास मानलें नाहीं; मधुच्छंदानें व धाकट्यांनीं मानलें. या कथेंत बाप मिळण्यास एक क्षण पुरला; भाऊ मिळण्यास मात्र घरांत तंटा झाला. हें मर्म आपल्या पूर्वजांस कळलें होतें, एवढेंच मला येथें सांगावयाचें आहे.

आतां काळ बदलला आहे. १९५६ च्या कायद्यानें मुलगीहि दत्तक घेण्याची मोकळीक झाली. परंतु तो कायदा हिंदूंपुरता. परदेशी दाम्पत्यास येथील मूल न्यावयाचें झाल्यास १८९० च्या कायद्याखालीं केवळ पालकत्व मिळे आणि दत्तविधान त्यांच्या देशीं होई. या व्यवहारांत मुलांची आबाळ होते, फसवणूक होते, अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनीं एका पत्रानें सर्वोच्च न्यायालयापुढें मांडली. १९८४ सालीं न्यायमूर्ति भगवती यांनीं दिलेल्या निकालानें त्यास शिस्त लागली. १९९० सालीं केंद्र सरकारनें यासाठीं स्वतंत्र यंत्रणा उभारली. १९९३ सालीं हेग येथें झालेला आंतरराष्ट्रीय करार भारतानें २००३ सालीं मान्य केला. मुलास प्रथम त्याच्या स्वतःच्या देशांत घर शोधावें, तें न मिळाल्यासच परदेशाचा विचार करावा, आणि या व्यवहारांत कोणी पैसा मिळवूं नये, हें त्या कराराचें सार. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें हें सर्व एका सूत्रांत आलें, आणि भावंडांची शक्यतों ताटातूट करूं नये, हें तत्त्वहि आतां सर्वत्र मान्य झालें आहे.

हें सर्व मला पुस्तकांतून कळलें असतें, तर त्याविषयीं लिहावयास मी बसलें नसतें. परंतु २०२४ च्या जानेवारींत आमच्या माडीवरील दोन खोल्यांत इटलीहून आलेलें एक दाम्पत्य तीन आठवडे राहिलें. माझी धाकटी कन्या इटालियन भाषा शिकलेली असल्यामुळें दुभाषी म्हणून त्यांच्या मदतीस जात होती. हॉटेलांत लहान मुलांची गैरसोय होईल म्हणून तिनेंच त्यांना घरीं आणलें. गृहस्थ शेहेचाळीस वर्षांचे, एका शाळेंत शिक्षक. बाई चव्वेचाळीस वर्षांच्या, रुग्णालयांत परिचारिका. आल्प्सच्या पायथ्याशीं असलेल्या एका लहान गांवीं त्यांचें घर. त्यांच्या देशांत आधीं बालन्यायालयानें हें दाम्पत्य मूल वाढविण्यास योग्य आहे, असा निर्णय द्यावा लागतो. मग मान्यताप्राप्त संस्था, रोम येथील सरकारी आयोग, आमच्याकडील मध्यवर्ती यंत्रणा, आणि शेवटीं आमच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. २०२१ सालच्या दुरुस्तीपासून हें काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आलें आहे. या साऱ्या पायऱ्या चढतां चढतां त्यांचीं चार वर्षें गेलीं होतीं.

मुलें दोन; बहीण सात वर्षांची, भाऊ साडेचार वर्षांचा. एका जिल्ह्याच्या गांवच्या संस्थेंत दोन वर्षें राहिलेलीं. भाषा शुद्ध मराठी, तीहि खेड्याकडची. कित्येक महिने अगोदर या दाम्पत्यानें आपल्या घराचीं, अंगणाचीं, कुत्र्याचीं छायाचित्रें पाठविलीं होतीं, आणि मोबाइलवर एकमेकांचे चेहरे पाहणें झालें होतें. तरीहि पहिल्या दिवशीं जिना चढतांना मुलीनें भावाचें मनगट असें धरलें होतें, कीं त्याच्या कातडीवर तिच्या बोटांचे वळ उठले.

या घरीं आल्यावर दुसऱ्याच दिवशीं बाईंना भावाच्या उशीखालीं अर्धी पोळी सांपडली. तिसऱ्या दिवशीं पुन्हां सांपडली. मुलगी जेवतांना आपल्या पानांतली पोळी अर्धी मोडून परकराच्या ओच्यांत लपवीत असे. बाई खालीं येऊन आमच्या जाऊबाईंपाशीं बसल्या आणि कन्येमार्फत त्यांनीं विचारलें, कीं काय करावें? जाऊबाईंनीं पांच मुलें वाढविलीं आहेत. त्या म्हणाल्या, “पोळी काढून घेऊं नका. शिळी झाली, तर ताजी तिथंच ठेवा. अन् एक डबा तिच्या हाताला लागेल असा ठेवा. डब्याचं झांकण तिनंच उघडायचं, तिनंच लावायचं.” बाईंनीं तसें केलें. डबा भरलेला राहूं लागला, आणि बाराव्या कीं तेराव्या दिवशीं उशीखालची पोळी नाहींशी झाली.

आंघोळीचा प्रश्न अधिक कठीण होता. भावाला न्हाऊं घालणें हें आपलें काम, असें त्या मुलीनें ठरविलें होतें. ती बाईंना न्हाणीघरांत येऊंच देईना. “तो माझा हाय,” एवढेंच ती म्हणे. सात वर्षांच्या पोरीनें दोन वर्षें त्या मुलाचें आईपण केलें होतें. तें तिच्याकडून काढून घेतलें असतें, तर तिच्याजवळ उरलें काय असतें? बाईंनीं तें काढून घेतलें नाहीं. त्या दाराबाहेर पाटावर बसून राहत आणि मागितल्यास टॉवेल देत. एके दिवशीं मुलीनें आंतून हांक मारली, “बाई, साबण डोळ्यांत गेला, या!” साबण भावाच्या डोळ्यांत गेला नव्हता, तिच्या स्वतःच्या गेला होता. त्या दिवसापासून दोघांनाहि आंघोळ बाई घालूं लागल्या.

हंसूं येण्यासारखेंहि पुष्कळ घडे. इटालियन भाषेंत ‘जेव’ म्हणावयाचें तर ‘मांजा’ म्हणतात. संक्रांत जवळ आलेली, गल्लींतील मुलें पतंग उडवीत असलेलीं. आणि बाई ताटाकडे बोट दाखवून प्रेमानें “मांजा, मांजा” म्हणूं लागल्या, कीं तो पोर घांस टाकून खिडकीकडे धांवे. गृहस्थांनीं एका वहींत मराठी शब्द लिहून घेतले होते: भूक, तहान, दुखतें, भीति, शू, गोष्ट, उद्यां. मराठी माणसाला रोज जे शब्द लागतात, त्यांतले इतके थोडे शब्द मुलाला जगावयाला पुरतात, हें ती वही पाहून माझ्या ध्यानांत आलें.

आमच्या सासूबाईंची गोष्ट निराळी. पहिल्या आठवड्यांत त्या जिन्याकडे पाहूनच बोलत. “गोत्र कोणतं लागायचं पोरांना? आणि मुलगा नेतात तें समजतं. मुलगी कशाला नेतात?” माझे थोरले दीर, ज्यांना घरांत सर्व जण आबा म्हणतात, ते तर स्पष्टच म्हणाले, कीं आपल्या देशाचीं मुलें अशीं परक्यांच्या हवालीं करणें हें आपल्या देशास लाजिरवाणें आहे. त्यावर सासूबाईंनीं जें विचारलें, तें आम्हां सर्वांस निरुत्तर करणारें होतें. त्या म्हणाल्या, “अरे, मग आपल्यांतलं कुणी पुढं आलं नाहीं का?”

याचें उत्तर सरकारी नियमांतच आहे. कोणतेंहि मूल आधीं देशांतील दाम्पत्यांस दाखविलें जातें. ठरलेल्या मुदतींत कोणी होकार न दिल्यासच परदेशीं दाखविण्याची परवानगी मिळते. म्हणजे या दोघां भावंडांचे कागद आपल्या देशांतील लोकांसमोर येऊन गेले होते. नोंदणी केलेलीं दाम्पत्यें हजारोंनीं आहेत आणि त्यांना तीन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागते. परंतु बहुतेकांस हवें असतें तें एकच, तान्हें मूल, ज्याला मागचें कांहींच आठवत नसेल असें. सात वर्षांची मुलगी पूर्वीची आठवण घेऊन येते, आणि शिवाय एक भाऊ घेऊन येते.

त्या वेळीं खोलींत माझा पुतण्या आणि त्याची पत्नी बसलेलीं होतीं. त्या दोघांचें नांव तशाच यादींत तीन वर्षें होतें. दोन वर्षांखालचें एक मूल, अशी त्यांची नोंद होती. दोघांपैकीं कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाई उठून चहाचे पेले विसळावयास गेली.

संक्रांतीच्या दिवशीं सासूबाईंनीं जाऊबाईंकडून हलव्याचे दागिने काढवून घेतले. साडेचार वर्षांच्या मुलाचें बोरन्हाण करावयाचें, असें त्यांनीं आपण होऊन ठरविलें. काळा सदरा घालून तो पाटावर बसला. मुलगी भिंतीशीं उभी होती. सासूबाई म्हणाल्या, “तीहि बसूं दे त्याच पाटावर.” कोणी तरी म्हणालें, कीं तिचें वय गेलें. “तिचं वय होतं तेव्हां तिचं कुणीं केलं नाहीं,” सासूबाई म्हणाल्या, “आणि एका पाठच्यांना एक पाट पुरतो.” बोरें, चुरमुरे, हलवा दोघांच्याहि डोक्यावरून ओतला गेला. घरांतील मुलें वेंचावयास धांवलीं, मुलगीहि धांवली. तिनें मूठभर बोरें भावाला दिलीं, आणि मग जरा थांबून दोन बोरें त्या बाईंच्या तळहातावर ठेवलीं. १९५८ सालीं ओसरीवर जी गोष्ट घडली होती, ती सासूबाईंच्या मनांत त्या वेळीं होती, हें त्यांनीं मला रात्रीं सांगितलें.

येथवर वाचून कोणास वाटेल, कीं परदेशीं दत्तक जाणें म्हणजे केवळ सुखाचीच गोष्ट. तसें नाहीं. कोरियाच्या युद्धानंतर दक्षिण कोरियांतून सुमारें दोन लक्ष मुलें परदेशीं गेलीं. त्यांपैकीं कित्येकांचे कागद खोटे केलेले होते, असें तेथील सत्यशोधन आयोगानें २०२५ सालीं जाहीर केलें. इथिओपियानें २०१८ सालीं परदेशी दत्तक बंद केलें. चीननें २०२४ सालीं, नात्यांतील कांहीं दाम्पत्यांचा अपवाद ठेवून, बंद केलें. जेथें गरीब आईच्या दारांतून मूल उचलून त्याला अनाथ ठरविलें जातें, तेथें परोपकाराच्या नांवाखालीं पाप चालतें. म्हणूनच कागद, चौकशा, मुदती, हीं सर्व लांबण आवश्यक आहे, हें त्या दाम्पत्यानेंहि मान्य केलें. मुलें घरीं नेल्यावर दोन वर्षांत सहा अहवाल त्यांना पाठवावे लागतात, त्याबद्दलहि त्यांची तक्रार नव्हती.

भाषेचें नुकसान तर भरून येण्यासारखें नाहीं. तीन ते आठ वर्षांच्या वयांत कोरियांतून फ्रान्समध्यें दत्तक गेलेल्या कांहीं व्यक्तींचा एक अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. मोठेपणीं त्यांना कोरियन वाक्यें ऐकविलीं, तेव्हां कधींच न ऐकलेल्या भाषेंतील वाक्यांपासून तीं वेगळीं आहेत, हें त्यांना ओळखतां आलें नाहीं. जी भाषा आईच्या तोंडून ऐकली ती इतकी पुसली जाते. मी ही गोष्ट कन्येमार्फत त्या गृहस्थांस सांगितली. त्यांनीं मान खालीं घातली. मग ते म्हणाले, “आम्ही त्यांना जें देऊं, त्याच्यापेक्षां जें त्यांच्याकडून जाईल तें लहान आहे, असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. पण जाणाऱ्या गोष्टींत तीं एकमेकांना नकोत.” पुढल्या दोन दिवसांत त्यांनीं मुलीच्या आवाजांतील गाणीं, शिव्या, गोष्टी, भावाला घातलेलीं समजूत, असें पुष्कळ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतलें. शिव्याहि ठेवा, असें माझ्या कन्येनेंच त्यांना सुचविलें.

दोन वर्षें होत आलीं असतां बाईंचें पत्र आलें. मुलगी शाळेंत चांगली रमली आहे. तिचें मराठी थांबत थांबत येतें. मुलाला मराठी आठवत नाहीं. त्याच्या तोंडीं एकच शब्द राहिला आहे, ‘ताई’. त्या घरीं आतां मुलीला तिचे आईबाप, आजोबा, शेजारीपाजारी, सर्व जण ताई म्हणतात, आणि शाळेंतील मुलांना तें तिचें लाडकें नांव वाटतें. पूर्वींची नांवें त्यांनीं बदललेलीं नाहींत. मुलगी मधून मधून विचारते, कीं मला जन्म देणारी आई कशी होती? बाई लिहितात, कीं ‘ठाऊक नाहीं, पण आपण मिळून विचार करूं’ एवढेंच उत्तर मी देतें, आणि तें उत्तर देतांना मला दर वेळीं हिंमत गोळा करावी लागते.

हें पत्र सासूबाईंना वाचून दाखविलें. त्यांनीं गोत्राविषयीं पुन्हां विचारलें नाहीं. आबांचें मत मात्र बदललेलें नाहीं. आपल्या देशाचीं मुलें आपल्याच देशांत वाढावींत, असेंच ते अद्याप म्हणतात, आणि मला तें खोटें वाटत नाहीं. फरक इतकाच, कीं आतां तें वाक्य उच्चारतांना ते पुतण्याकडे पाहतात.

कारण त्या संक्रांतीनंतर दोन महिन्यांनीं पुतण्यानें व सूनबाईनें आपली नोंद बदलली. एका तान्ह्या मुलाऐवजीं, आठ वर्षांपर्यंतचीं दोन भावंडें. घरांत यावरून वाद झाले. इतक्या मोठ्या मुलांना आपले संस्कार लागतील काय, त्यांच्या मनांत पूर्वींचें काय काय असेल, मालमत्तेचे वांटे कसे होतील, असे सर्व प्रश्न विचारले गेले, आणि एकत्र कुटुंबांत ते विचारले जाणेंच योग्य आहे. मूल घेणारें दाम्पत्य एक असतें, पण त्याला आजी, काका, चुलतभाऊ व्हावयाचें असतें तें साऱ्या घराला. सूनबाईनें वादांत फारसा भाग घेतला नाहीं. ती एकदांच म्हणाली, “दोघं आलीं, तर निदान पहिल्या रात्रीं कुणी एकटं रडणार नाहीं.”

अद्याप त्यांना कोणाचे कागद आलेले नाहींत. वाट पाहणें चालू आहे.

वाचकहो, आपल्या परिचयांत एखादें असें दाम्पत्य असेल, जें यादींत नांव घालून वर्षें मोजीत बसलें आहे, तर त्यांना एवढें सुचवून पाहा. शाळेच्या वयाच्या, हातांत हात धरून उभ्या असलेल्या मुलांना आपल्या घरांतून पुष्कळ वेळां नकार जातो; तो नकार कोणी तोंडानें देत नाहीं, अर्जांतल्या एका रकान्यांत तो दिला जातो. आपलीं घरें मोठीं आहेत. आपल्या घरांतून आजी आहेत, आत्या आहेत, जेवतांना आग्रह करणारीं माणसें आहेत. दोन मुलांना एकमेकांपासून न तोडतां सांभाळण्याइतकी जागा ज्या घरांत असते, तें घर बहुधा एकत्र कुटुंबाचेंच असतें. ही जागा कशासाठीं राखून ठेवली आहे, याचा विचार घरांतील वडील माणसांनींच प्रथम करावा, असें मला वाटतें. कारण तरुण माणसें या बाबतींत बहुधा आपल्याच होकाराची वाट पाहत असतात.